निगेटिव्ह लिहायला शिकून या

"मॅडम, नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी एलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन आहे. वय ४२. डीएमएलटीनंतर बरीच वर्षं शहरातल्या खासगी लॅबमध्ये काढली. तिथे रक्ताचं सगळं सेल काउंटर मशीनवर व्हायचं, मायक्रोस्कोपला हात लागायचा तो लघवी तपासताना. इथे आले आणि मलेरियाच्या स्लाइड, टीबीचे बेडके, सगळंच अंगावर आलं. आधीच्या एलटी दादांचं बघून बघून शिकले. आता मायक्रोस्कोपीच्या प्रात्यक्षिक ट्रेनिंगला नागपूरला जायचं पत्र आलंय, दहा दिवस. बॅचमध्ये सगळी पंचविशीतली पोरं असणार. मला चाळिशीचा चष्मा लागलाय. सगळ्यांदेखत स्लाइड चुकली तर हसं होईल, याची धास्ती वाटते. आमच्याकडचे एक जण तर म्हणतात, मलेरियाचं किट आलं, टीबीचं ट्रूनॅट मशीन आलं, आता मायक्रोस्कोप शिकून काय लोणचं घालायचंय? जाण्याआधी काय वाचू? लेक्चर इंग्रजीत असलं तर काय करू? आणि येण्याजाण्याचं बिल निघतं का हो, की आपल्याच खिशातून?"

ताई, चष्म्यापासून सुरू करू, कारण त्या काळजीत काही दम नाही. चाळिशीचा चष्मा लागतो जवळचं वाचायला. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, दिसणारी प्रतिमा डोळ्याच्या हिशेबाने लांबची असते, त्यामुळे मायक्रोस्कोपवर तो चष्मा लागतच नाही. रिपोर्ट लिहिताना घाला, बघताना काढून ठेवा. लांबचा साधा नंबर असला तरी फोकसने भागतं. फक्त नंबरात सिलिंडर असेल तर चष्मा ठेवूनच बघा, आयपीसची रबरी कड दुमडली की काचा घासत नाहीत. तुमच्या पत्रात डोकेदुखीचा उल्लेख नाही, पण असणार, म्हणून विचारते: डावीकडच्या आयपीसची डायऑप्टरची रिंग (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जमवणारी) तुम्ही शेवटची कधी फिरवली होती? बहुतेकांनी ती जन्मात फिरवलेली नसते. आधी दोन्ही आयपीसमधलं अंतर असं जमवायचं की दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेल. मग फक्त उजव्या डोळ्याने फाइन फोकसच्या नॉबवर स्लाइड फोकस करायची. आता नॉबला हात न लावता डाव्या डोळ्याने बघत रिंग फिरवायची. काही मायक्रोस्कोपवर रिंग उजवीकडे असते, तिथे डोळे उलटे धरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमच्या बॅचमधल्या पंचविशीतल्या पोरांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवावं लागणार आहे, तेव्हा वयाचा विषय इथेच संपवू.

आता तुमच्या त्या सहकाऱ्यांचं लोणचं. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे आधी कबूल करायला हवं. बेडक्याच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या थरात, जंतू दिसायचा तर एक मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ट्रूनॅटसारखी चाचणी त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देईल की नाही तेही सांगते. हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. नव्या रुग्णाचं निदान करायचं असेल तर यंत्र श्रेष्ठ, त्यात वाद नाही.

पण उपचार सुरू झाल्यावर काय? ही यंत्रं जंतूचा डीएनए शोधतात, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही डीएनएच असतो. औषध लागू पडतंय की नाही हे बघायला पहिल्या टप्प्याच्या शेवटी आणि कोर्स संपताना बेडका येतो तो तुमच्याच टेबलावर. मलेरियाच्या किटचं तसंच. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या जातीच्या पट्टीवर जी रेघ उमटते ती परजीवीच्या एका प्रथिनामुळे, आणि परजीवी मेल्यावरही ते प्रथिन रक्तात काही आठवडे राहू शकतं. गडचिरोलीत हे रोजचं आहे: महिन्याभरापूर्वी औषध घेतलेला माणूस पुन्हा ताप घेऊन येतो, किट पॉझिटिव्ह दाखवतं. ही रेघ जुनी की ताप नवा? किटला विचारून उपयोग नाही, स्लाइडच सांगणार. औषधानंतर फाल्सिपॅरमचे केळ्याच्या आकाराचे गॅमिटोसाइट (डासाकडे जाणारी अवस्था) काही दिवस, कधी काही आठवडेही दिसत राहतात. परजीवीच्या कोवळ्या, अंगठीसारख्या रिंग नाहीत, फक्त गॅमिटोसाइट आहेत, हे ओळखून तसंच लिहिलं नाही तर डॉक्टरांना वाटेल औषध फसलं. परजीवी किती आहेत, कालच्यापेक्षा आज कमी झाले का, हेही किट सांगत नाही. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार अजून तुमच्या जिल्ह्यावर आहे. तुमच्या टेबलावरचा मायक्रोस्कोप इतक्यात कपाटात जाणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. ट्रेनिंगला जाणारी बहुतेक मंडळी पॉझिटिव्ह ओळखायला शिकायला जातात. तुम्हीही "स्लाइड चुकली तर" असंच लिहिलंय. पॉझिटिव्ह ओळखणं दोन-तीन दिवसांत येतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला ते आत्ताच बऱ्यापैकी येत असणार. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचा खच पडला असेल तर त्याला थ्री प्लस, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, म्हणायला दहा दिवस नागपुरात राहायची गरज नाही. कठीण आहे ते निगेटिव्ह लिहिणं. तुमच्या रजिस्टरात रोज सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द तोच, आणि त्याच्यामागे किती काम असावं लागतं हे फारसं कुणी सांगत नाही.

एक हिशेब करा. आयपीसवर १८ हा फील्ड नंबर असेल आणि ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) १०० चं, तर तुम्हाला दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ०.१८ मिलिमीटर. बेडक्याचा स्मिअर दोन बाय तीन सेंटिमीटरचा. क्षयरोग कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे तुम्ही अशी १०० वर्तुळं, म्हणजे १०० फील्ड बघितलीत, अगदी इमानदारीत, तरी एकूण अडीच चौरस मिलिमीटर जागा बघून झाली. स्मिअर ६०० चौरस मिलिमीटरचा. म्हणजे अर्धा टक्काही नाही! १०० फील्डचा नियम जाचक वाटतो तेव्हा हा आकडा आठवा. १०० फील्ड ही आधीच कमीत कमी तडजोड आहे, आणि गर्दीच्या दिवशी आपण त्यातूनही तीस-चाळीसवर येतो. तांदूळ निवडताना एक कोपरा बघून "खडा नाही" म्हणावं, तसं ते होतं.

स्कँटी नावाची पायरी नेमकी याच फटीत सापडते. १०० फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर स्कँटी, आणि तिथे प्लस लावायचा नाही, नेमका आकडा लिहायचा. १० ते ९९ दिसले तर वन प्लस. दर फील्डला एक ते दहा असतील तर टू प्लस, त्यासाठी ५० फील्ड बघायची. दहापेक्षा जास्त असतील तर थ्री प्लस, तिथे २० फील्ड पुरतात. गंमत लक्षात आली का? जंतू जितके जास्त तितकं काम कमी. सगळी मेहनत कमी जंतूंच्या आणि निगेटिव्हच्या स्लाइडवर. एका फील्डला तीन-चार सेकंद धरले तरी एका निगेटिव्ह स्लाइडला पाच-सहा मिनिटं हवीतच, आणि दिवसाला वीस-पंचवीसच्या वर अशा स्लाइड कुणाच्याच डोळ्यांना झेपत नाहीत. मलेरियाच्या थिक, म्हणजे जाड थराच्या, स्मिअरलाही निगेटिव्ह म्हणण्याआधी किमान १०० फील्ड.

म्हणून ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट आग्रहाने मागून घ्या: निगेटिव्ह आणि स्कँटी स्लाइड जास्त द्या म्हणावं. ट्रेनर मंडळींना छान, ठळक, रंगीत पॉझिटिव्ह दाखवायची हौस असते. मला स्वतःलाही होती, शिकवायला मजा येते त्यात. आजकाल मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून मोठ्या टीव्हीवर दाखवतात. वर्गाला एकदम दिसतं, चर्चा होते, सोय चांगलीच आहे. पण तिथे फील्ड दुसऱ्याने शोधलेलं असतं, फोकसही त्यानेच लावलेला असतो, आणि बाणाची खूण बरोबर परजीवीवर असते. टीव्हीवर सगळ्यांनाच सगळं येतं. तुमचे खरे तास मोजायचे ते आयपीसला डोळा लावून बसल्याचे. दोघांत एक मायक्रोस्कोप असेल तर अर्धा वेळ तुमचा आहे, तो सोडू नका. शेजारची पोरगी सराईत दिसली की "तू बघ गं, मी लिहिते" असं म्हणायचा मोह होतो. चाळिशीतल्या बाया हे हमखास करतात, मी पाहिलंय. दहा दिवस तुम्ही लिहिण्याचं काम अजिबात पत्करू नका.

निगेटिव्हची दुसरी बाजू म्हणजे खोटा पॉझिटिव्ह. एका बॅचमध्ये मेळघाटातून आलेली एक एलटी होती, नजर अशी तीक्ष्ण की एकही पॉझिटिव्ह तिच्या हातून सुटला नाही. तरी परीक्षेत तिचे गुण गेले, कारण निगेटिव्ह स्लाइडमध्येही तिला काही ना काही सापडत होतं. मलेरियाच्या थिन, म्हणजे पातळ थराच्या, स्मिअरमध्ये लाल पेशीवर प्लेटलेट बसली की हुबेहूब रिंगसारखी वाटते. अशा वेळी फाइनचा नॉब जरासा मागेपुढे करायचा. प्लेटलेट पेशीच्या वर असते, म्हणून ती आणि पेशी एकदम फोकसमध्ये येत नाहीत, शिवाय तिच्याभोवती फिकट कडं दिसतं. परजीवी पेशीच्या आत असतो. थिक स्मिअरमध्ये लाल पेशी उरलेल्याच नसतात, तिथे नियम कडक ठेवा: लाल ठिपका आणि त्याला लागून निळा भाग, दोन्ही दिसले तरच परजीवी. नुसता ठिपका म्हणजे रंगाचा कचरा समजून पुढे जायचं. बेडक्याच्या स्लाइडमध्ये कार्बोल फुक्सिन या लाल रंगाचे स्फटिक असेच फसवतात. फुक्सिन गाळून घेतलं नाही की ते येतात. तुम्ही कुठल्या गोष्टीला फसता ते एका वहीत लिहून ठेवा, शक्य तर चित्र काढून. बाटलीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून गोल काढायचा आणि त्यात दिसलं ते भरायचं. मोबाइलवर फोटो घेता येतो, घ्याही, पण फोटो काढणारा माणूस नीट बघत नाही आणि चित्र काढणाऱ्याला बघावंच लागतं.

इथे हाताबद्दल सांगायला हवं, कारण खराब स्मिअर कितीही चांगल्या डोळ्याला दिसत नाही. ट्रेनिंगमध्ये पहिले दोन दिवस स्मिअर आणि स्टेनिंगवर जातात आणि अनुभवी लोक तेव्हा चहाला बाहेर असतात. तुम्ही बसा. मलेरियाच्या स्लाइडचं बघा: थिक आणि थिन एकाच काचेवर. थिन स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा, थिक अजिबात करायचा नाही, कारण लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन धुऊन निघालं तरच थिकमधलं दिसतं. आपण घाईत अख्खी स्लाइड मिथेनॉलला टेकवतो, किंवा थिन बुडवताना एखादा ओघळ थिककडे जातो. अगदी नुसती वाफ लागली तरी थिक बिघडतो. मग तो तांबूस, चिखलासारखा दिसतो आणि आपण जिम्सा किंवा जेएसबी या रंगांना दोष देतो. काच तिरपी धरा, थिकची बाजू वर. थिकची जाडी बघायची सोपी खूण अशी की ओला थेंब पसरलेली काच वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अगदी स्वच्छ वाचता आली तर पातळ, दिसलीच नाहीत तर जाड, आणि जाड थर धुताना निघून येतो. बाकी आशाताईंकडून दुर्गम गावातली स्लाइड चार दिवसांनी आली, वाटेत उन्हात तापली, किंवा झाकायची राहिली म्हणून मुंग्यांनी निम्मी खाल्ली, हे तुमच्याकडे होणारच. उन्हाने आपोआप फिक्स झालेला थिक कसा वाचवायचा, तो वाचतो का, की पुन्हा नमुना मागवायचा, हा प्रश्न तुमच्या जिल्ह्याचा आहे आणि तो तुम्हीच वर्गात काढायला हवा. शहरातल्या लॅबवाल्याला तो सुचणार नाही.

टीबीच्या स्मिअरला खराट्याची काडी वापरायची, ही गोष्ट नव्या पोरांना हसू आणते. हसू द्या. मोडलेल्या काडीचं टोक दाताळ असतं, त्याने बेडक्यातला पिवळट, घट्ट भाग नीट उचलला जातो आणि काचेवर एकसारखा पसरतो. एका रुग्णाला एक काडी, मग ती फेकायची. स्टेनिंगच्या वेळा तुम्हाला पाठ असतील: फुक्सिन टाकून खालून वाफ येईपर्यंत ऊब, उकळी नाही, मग पाच मिनिटं. २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड दोन ते चार मिनिटं. मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट. पाठ असूनही ट्रेनिंगमध्ये घड्याळ लावून करा, कारण रोजच्या कामात आपलं अर्धा मिनिट हळूहळू दोन मिनिटांचं होतं आणि गडद निळ्यात स्कँटी जंतू बुडून जातो. १०० च्या ऑब्जेक्टिव्हसाठी तेलाचा थेंब टाकताना ड्रॉपर काचेला टेकवायचा नाही, थेंब वरून पडू द्यायचा. टेकला की एका स्लाइडचा जंतू तेलातून दुसरीवर जातो, आणि निरोगी माणसाला सहा महिन्यांचं औषध लागू शकतं. तेल पुसण्याचंही तसंच, दर स्लाइडनंतर लेन्स पेपरने लेन्स टिपून घ्या.

मायक्रोस्कोपबद्दल एकच गोष्ट शिकून आलात तरी ट्रेनिंगचे पैसे वसूल: कंडेन्सर, म्हणजे स्लाइडच्या खालचं, उजेड गोळा करणारं भिंग. आपल्याकडे उजेड जास्त वाटला की कंडेन्सर खाली करायची सवय असते. खाली केला की चित्र गडद, ठसठशीत दिसतं, म्हणून बरं वाटतं. पण क्षयाचा जंतू जाडीला ०.२ ते ०.५ मायक्रॉन, आणि १०० चं, १.२५ एनए (बारकावे दाखवायच्या ताकदीचा आकडा) असलेलं ऑब्जेक्टिव्ह दोन बिंदू वेगळे दाखवू शकतं ते ०.२७ मायक्रॉनच्या आसपास. सगळा खेळच काठावरचा. कंडेन्सर खाली आणला किंवा डायफ्रॅम (त्याची उजेडाची झडप) फार बंद केला की तेवढीही ताकद उरत नाही. ऑइल इमर्शनला कंडेन्सर पार वर, डायफ्रॅम बराचसा उघडा, आणि उजेड कमी करायचा तो दिव्याच्या बटणानेच. हे तुम्ही स्वतः करून बघा: एक स्कँटी स्लाइड लावा, जंतू फील्डमध्ये आणा, आणि कंडेन्सर हळूहळू खाली घ्या. काडी कशी फुगत, पुसट होत जाते ते डोळ्याने बघितलं की पुन्हा कुणी सांगायला नको. तेलातून ४० चं ऑब्जेक्टिव्ह फिरवत नेऊ नका, ते कोरडं आहे आणि त्यात तेल शिरलं की कायमचं धुकं. तेल पुसायला जास्त झायलॉल वापरलं की लेन्सचा डिंक सुटतो. आणि पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते, त्यासाठी डब्यात सिलिका जेल ठेवा, त्याचा रंग बदलला की तव्यावर तापवून पुन्हा वापरा. तुमच्या केंद्रात एलईडी फ्लुरोसन्स (जंतू चमकताना दाखवणारा मायक्रोस्कोप) असेल तर तेही वेगळं मागून शिका. तिथे ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर बघता येतं, एका फील्डमध्ये सहापट जागा येते, त्यामुळे वेळ खूप वाचतो, पण चमकणारा प्रत्येक ठिपका जंतू नसतो आणि स्लाइड ठेवून दिली की चमक उतरते.

वाचायचं काय, असं विचारलंय. फार काही नको. क्षयरोग आणि हिवताप कार्यक्रमाची तुमच्या केंद्रातली मॅन्युअल एकदा चाळा, ग्रेडिंगचं कोष्टक आणि व्हायव्हॅक्स-फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दोन जातींचा फरक डोळ्यांखालून घाला. हा फरक परीक्षेपुरता नाही. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन, आणि त्यासोबत १४ दिवस प्रायमाक्विन; फाल्सिपॅरमला एसीटी (आर्टेमिसिनिनवालं जोड-औषध) आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. तुम्ही जात चुकलात की औषधच चुकतं. वाचण्यापेक्षा उपयोगी पडेल ते तुमच्या स्वतःच्या स्लाइड सोबत नेणं. जाण्याआधीच्या दिवसांत ज्या ज्या स्लाइडवर "हे काय असेल बुवा" असं झालं त्या बाजूला ठेवा. पॉझिटिव्ह म्हणून लिहिलेल्या पण मनात शंका असलेल्या, रंग बिघडलेल्या, थिक सुटून आलेल्या, सगळ्या. फक्त स्टेन केलेल्या, फिक्स झालेल्या, तेल टिपलेल्या स्लाइड न्यायच्या, बेडका किंवा ओला नमुना नाही. नाव नको, नंबर पुरे, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून न्या. एसटीत स्लाइड बॉक्स पायाखाली ठेवू नका, मांडीवर घ्या. मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हवर कोरलेले आकडे, तुमच्या पाण्याचा आणि बफरचा पीएच, दिवा कुठल्या प्रकारचा, हेही टिपून न्या. ट्रेनिंग सेंटरवर सगळं नवं आणि झकास असतं. परत आल्यावर तुम्हाला काम करायचंय ते तुमच्या जुन्या मायक्रोस्कोपवर, तेव्हा ट्रेनरला तुमच्या अडचणी नावानिशी कळू द्या. चहाच्या सुट्टीत बॉक्स उघडून "सर, ही बघता का जरा?" म्हटलं तर एकही चांगला ट्रेनर नाही म्हणणार नाही.

हसं व्हायची धास्ती. पहिल्याच दिवशी प्री-टेस्ट होईल आणि जवळपास सगळ्यांचे गुण कमी येतील. ती त्यासाठीच असते. मलेरियाच्या मायक्रोस्कोपिस्टची जागतिक आरोग्य संघटनेची जी पातळी ठरवतात, तिच्यात सगळ्यात वरच्या, तज्ज्ञ पातळीलाही परजीवी आहे-नाही हे ९० टक्के आणि जात ९० टक्के बरोबर लागते, शंभर नव्हे. मोजणीत तर खऱ्या आकड्याच्या २५ टक्के मागेपुढे उत्तर निम्म्या स्लाइडमध्ये आलं तरी तो तज्ज्ञ. मोजणीचं गणित साधं आहे, २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत दिसलेले परजीवी गुणिले ८००० भागिले २००. म्हणजे ४५ परजीवी दिसले तर मायक्रोलिटरला १८००. पण हात आणि डोळा त्याला लागेपर्यंत वेळ जातो, आणि तिथे पंचविशी-चाळिशी सारखीच. टीबीच्या चाचणीतही सगळ्या चुका एका मापाने मोजत नाहीत. वन प्लस ते थ्री प्लस अशी स्लाइड निगेटिव्ह लिहिली तर ती मोठी चूक. स्कँटी सुटली तर लहान. टू प्लसला थ्री प्लस म्हणालात तर ती चूक धरतही नाहीत, ग्रेडची एक पायरी मागेपुढे चालते. पोस्ट-टेस्टला कमी पडलात तर पुन्हा सराव करवतील, त्यात नोकरी जात नाही. शेजाऱ्याच्या कागदावर बघून लिहू नका, एवढंच. वर्गात शेजारी बरोबर असेल, तुमच्या आरोग्य केंद्रात तुमच्या शेजारी कुणीच बसलेलं नसतं.

इंग्रजीची काळजी सोडा. पीपीटी इंग्रजीत असेल, माणसं आपलीच असतात. शब्द तर तुम्ही आत्ताही इंग्रजीच वापरताय, स्मिअर, स्टेन, स्कँटी. वाक्य अडलं तर सरळ "मराठीत सांगा" म्हणा. तुम्ही म्हणालात की मागच्या बाकावरचे चार जण मनातल्या मनात तुम्हाला धन्यवाद देतील.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात दोन कामं करून टाका, नंतर होत नाहीत. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून तुमच्या मायक्रोस्कोपला काय हवंय त्याची लेखी मागणी द्या, दिवा, लेन्स पेपर, जे असेल ते. कागद असला की पाठपुरावा करता येतो. आणि स्वतःची छोटी स्लाइड बँक सुरू करा. मलेरिया कमी होत चाललाय, देशाने २०३० पर्यंत तो संपवायचं ठरवलंय. छानच आहे, पण पॉझिटिव्ह क्वचित दिसायला लागला की नजर गंजते. नक्की झालेल्या पॉझिटिव्ह, स्कँटी आणि निगेटिव्ह स्लाइड अंधाऱ्या, कोरड्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून नंबर झाकून सहकाऱ्याकडून लावून घ्या. लोणच्याचं विचारणाऱ्या त्याच सहकाऱ्याला हे काम द्या.

बिलाचं: भत्ता कुणाकडून, किती, हे तुम्हाला आलेल्या पत्रातच लिहिलेलं असतं, शेवटच्या परिच्छेदात. तो वाचा, आणि काही उल्लेख नसेल तर निघण्याआधी तालुक्याच्या लेखापालाला फोन करा, आल्यावर नव्हे. केंद्रातून निघताना कार्यमुक्तीचा कागद घ्या, ट्रेनिंग संपल्यावर हजेरी प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एसटीची तिकिटं उन्हाने पुसट होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.